क्यू बनवण्यासाठी लहान लेथला मागचा चक बसवणे

प्रश्न: बिलियर्ड्सच्या क्यूचे (खेळायच्या काठीचे) काम करताना लाकडाचा बराच भाग स्पिंडलच्या (लेथच्या फिरणाऱ्या पोकळ दांड्याच्या) मागे मोकळा राहतो आणि वेग वाढवताच तो जोरात हेलकावू लागतो. मागच्या टोकाला तीन जबड्यांचा दुसरा चक (लाकूड पकडणारी पकड) बसवायचा असल्यास कोणती काळजी घ्यावी?

प्रतिसाद १: आधी स्पिंडलचे भोक मोजावे. अनेक मिनी लेथवर ते सुमारे २० मिमी असते, तर क्यूचा जाड भाग ३० मिमीच्या आसपास असतो. तो आत शिरणारच नसेल, तर हा खटाटोप व्यर्थ आहे. स्पिंडलच्या मागच्या टोकाचा नट पुष्कळदा बेअरिंगचा ताण ठरवतो, म्हणून तो न हलवता अ‍ॅडॅप्टर (चक स्पिंडलला जोडणारा तुकडा) उरलेल्या आट्यांवर बसवावा.

प्रतिसाद २: एक गोष्ट सहसा सुटते. नेहमीच्या दिशेने फिरताना पुढचा उजव्या आट्यांचा चक आवळला जातो, पण तसेच आटे मागच्या टोकाला असतील, तर लेथ सुरू होताना चक जडत्वामुळे मागे पडून सैल होऊ शकतो. म्हणून अ‍ॅडॅप्टरला ग्रब स्क्रू (जागीच घट्ट धरणारा बिनडोक्याचा स्क्रू) हवाच. अ‍ॅडॅप्टरवरची चकची बैठक किंचित सैल ठेवल्यास डायल गेज (बारीक हेलकावा मोजणारे मापक) लावून तो मध्यावर आणता येतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. जबड्यांचे वळ लाकडावर उमटतील का?

प्रतिसाद १: उमटतील. नायलॉनचे चिरलेले बुश (नळीसारखे कडे) जबडे आणि लाकूड यांच्यामध्ये घालावे आणि मागचा चक बेतानेच आवळावा, कारण वाकडे लाकूड दोन्हीकडून घट्ट पकडले की ते सरळ भासते आणि सोडल्यावर पुन्हा वाकते. फिरत्या चकवर झाकणही बसवावे.