‘वेगळ्या शाळा आहेत ना?’ या पोस्टला उत्तर

मानेवाड्याची आई
काल एकाने इथे लिहिलं: ‘दिव्यांग मुलं साध्या शाळेत घालणं हे श्रीमंत देशांना परवडतं. आपल्या भरगच्च वर्गात बाकीच्यांचं नुकसान होतं. त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा आहेत ना?’ खालचे लाइक पाहून राहवलं नाही.

2016चा दिव्यांग हक्क कायदा आपल्याच संसदेने केलाय. कलम 31 वाचा. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वयात मोफत शिक्षण, घराजवळच्या शाळेत किंवा हवं तर विशेष शाळेत. निवड आमची आहे, तुमची नाही. माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे शरीराच्या हालचालींवर नीट ताबा नाही; गणितात मात्र वर्गात पुढे. प्रवेश दिला, पण आईने दिवसभर शाळेत थांबायचं, कारण त्याला बाथरूमला नेणार कोण? मी नोकरी सोडली. दारात रॅम्प आहे आणि पाचवीचा वर्ग पहिल्या मजल्यावर. सरकारी आकड्यात मात्र तो ‘शाळेत दाखल’. आता नुकसान कुणाचं झालं ते सांगा.

धरमपेठकर
ती पोस्ट माझी. तुमच्याबद्दल वाईट वाटतं, पण भावनेवर शाळा चालत नाही. माझ्या मुलीच्या वर्गात एक मुलगा तास चालू असताना उठून पळतो, बाई त्याच्यामागे. चाळीस मुलं बसून राहतात. त्यांच्या आईबापांनी कुठे बोलायचं?

हिंगण्याचे गुरुजी
सगळं मास्तरावरच काहून ढकलून राहिले भाऊ? आमची द्विशिक्षकी शाळा. दोघांत चार वर्ग, वरून पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, मतदार यादी. दिव्यांग मुलांना शिकवणारा विशेष शिक्षक फिरता, त्याच्याकडे कितीतरी शाळा. तो आला की फॉर्म भरते, फोटो काढते, जाते. सुप्रीम कोर्टाच्या 2021च्या आदेशानंतर केंद्र सरकारने 2022 मध्ये ठरवलं, प्राथमिकला अशा 10 मुलांमागे एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिकला 15 मागे एक. आम्हाले अजून दिसला नाही.

इतवारी_व्यापारी
पगार मोजा, सुट्ट्या मोजा, मग रडा गुरुजी.

हिंगण्याचे गुरुजी
2024च्या एप्रिलच्या उन्हात मतदान यंत्रं घेऊन तुम्ही गेले होते काय? दुकानात पंख्याखाली बसून शिकवू नका आम्हाले.

इतवारी_व्यापारी
भत्ता मिळाला ना? माझी पोरगी शिक्षकांच्या ड्यूटीपायी महिनाभर नीट शिकली नाही.

हिंगण्याचे गुरुजी
मग ड्यूटी लावणाऱ्याले बोला न! तेच तर सांगून राहिलो.

मानेवाड्याची आई
तुम्ही दोघं शिक्षकांच्या ड्यूटीसाठी वेगळा धागा काढा. गुरुजी, तुमचं काम जास्त आहे हे मान्य. पण तो फॉर्म भरून जाणारा माणूस माझ्या मुलाच्या नावाने येतो.

शंकरनगर_88
मी जन्मापासून ऐकू शकत नाही. दुसरीपर्यंत साध्या शाळेत होतो. बाई फळ्याकडे तोंड करून बोलायच्या, मी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवायचो. लोक म्हणायचे किती हुशार, आणि मला काहीच कळत नव्हतं. कर्णबधिरांच्या शाळेत गेलो तेव्हा पहिल्यांदा मित्र मिळाले, कारण हाताने बोलता आलं. ताई, तुमच्या मुलासाठी जे बरोबर ते माझ्यासाठी नव्हतं. विशेष शाळा बंद करा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

धरमपेठकर
बघा, ज्यांनी भोगलंय तेच सांगतायत.

मानेवाड्याची आई
बंद करा असं मी कुठे म्हटलं? दादांना दोन्ही दारं उघडी होती, त्यांनी एक निवडलं. मला तुम्ही एकच दाखवताय. आणि पळणाऱ्या मुलाचं म्हणाल, तर इटलीने 1977 मध्ये वेगळे वर्ग बंद केले तेव्हा त्याच कायद्यात मदतीला आधार शिक्षक दिला आणि दिव्यांग मुलाच्या वर्गाला 20 मुलांची मर्यादा घातली. आपण नुसता प्रवेश दिला. तुमच्या मुलीच्या बाईंना मदतनीस मिळाला असता तर त्या पळाल्या असत्या का?

धरमपेठकर
मदतनीस दिला तर माझी हरकत नाही. पण मिळत नाही तोवर माझं मत तेच.

मानेवाड्याची आई
मग ‘वेगळ्या शाळा आहेत ना’ लिहू नका, ‘मदतनीस द्या’ लिहा. पालकसभेत तुम्ही बोललात तर मुख्याध्यापक ऐकतील. मी बोलले की म्हणतात, तुमचा एकच विषय.

कामठी_रोड
ताई, आमच्या भाचीला ‘सोय नाही’ म्हणून तोंडी परत पाठवलं. काय करावं?

मानेवाड्याची आई
त्याच 2016च्या कायद्याच्या कलम 16 प्रमाणे भेदभाव न करता प्रवेश द्यावा लागतो. अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर पोच घ्या, नकार लेखी मागा. बहुतेक शाळा लेखी देत नाहीत. नाहीच ऐकलं तर तीच पोच घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा.