लॉर्ड, लेडी, ऑनरेबल: इंग्रज उमराव घराण्यांची वंशावळ जुळवताना

मुंबई इलाख्याच्या जुन्या गव्हर्नरांची घराणी शोधतेय, म्हणजे कोण कोणाचा मुलगा, किताब कोणाकडून कोणाकडे गेला वगैरे. अडतंय ते शब्दांपाशी. आपल्याकडे सरसकट सगळ्या गोऱ्या साहेबांना लॉर्ड लावतात, मग पुस्तकात बघावं तर तोच माणूस नुसता ऑनरेबल नाहीतर सर निघतो. दोन एल्फिन्स्टन वेगळे का एकच? आणि किताबांपुढे एक्स्टिंक्ट, डॉर्मंट, अबेयंट असे तीन शेरे असतात, त्यांना मराठीत काय म्हणावं?

*

ताई, दोघं वेगळे, सख्खे काका-पुतणे. माउंटस्टुअर्ट हा अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचा चौथा मुलगा, १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. किताब थोरल्या भावाकडे गेला, त्यामुळे हा जन्मभर ऑनरेबल माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच राहिला, लॉर्ड कधीच नव्हता. एल्फिन्स्टन कॉलेजला नाव त्याचं. दुसरा जॉन, त्या थोरल्या भावाचा मुलगा, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन, १८५३ ते १८६० गव्हर्नर, म्हणजे सत्तावनच्या वेळी मुंबईत होता तो. एल्फिन्स्टन रोड स्टेशन (२०१८ पासून प्रभादेवी) ह्याच्या नावाचं. मराठीत दोघांनाही 'लॉर्ड एल्फिन्स्टन' लिहिलेलं सर्रास सापडतं आणि तिथेच वंशावळ चुकते, एक पिढी गायब होते.

ऑनरेबलचं 'माननीय' करू नका हो, आपल्याकडे ते मंत्र्यांना लागतं. इथे त्याचा अर्थ फक्त 'लॉर्डाचं मूल' एवढाच आहे, तसाच ठेवलेला बरा.

*

वर लिहिलंय त्यात भर. लॉर्डच्या पुढे काय येतं ते नीट बघायचं. लॉर्ड आणि मग किताबाचं नाव, तर तो स्वतः उमराव (पायऱ्या वरून खाली अशा: ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन). लॉर्ड आणि मग पाळण्यातलं नाव, तर तो ड्यूक किंवा मार्क्विसचा धाकटा मुलगा, त्याचा मान फक्त त्याच्यापुरता, पुढे मुलाला मिळत नाही. माउंटबॅटन बघा. वडिलांनी १९१७ मध्ये बॅटनबर्ग हे जर्मन नाव टाकलं, त्यांना मार्क्विस ऑफ मिलफर्ड हेवन केलं, म्हणून हा धाकटा 'लॉर्ड लुई'. १९४६ मध्ये स्वतः व्हायकाउंट झाला, तिथून पुढे 'लॉर्ड माउंटबॅटन', मग १९४७ मध्ये अर्ल. त्याला मुलगा नव्हता पण मुलीकडे जाईल अशी खास तरतूद सनदेतच होती, म्हणून १९७९ नंतर थोरली मुलगी पॅट्रिशिया स्वतःच्या हक्काने काउंटेस (अर्लचं स्त्रीरूप) झाली.

लेडीचंही तेच. लेडी आणि पाळण्यातलं नाव म्हणजे अर्ल, मार्क्विस नाहीतर ड्यूकची लेक, लग्नानंतरही ते तसंच राहतं. लेडी आणि नुसतं आडनाव किंवा किताब, तर बहुतेक वेळा कोणाची तरी बायको. बायकांचा शोध घेताना हा एक शब्द माहेर की सासर ते सांगून जातो, मला हे फार मोलाचं वाटतं.

*

बॅरोनेट राहिला की. तो उमराव नाही, लॉर्ड्सच्या सभेत बसत नाही, पण 'सर' वंशपरंपरेने चालतं. सर जमशेटजी जीजीभॉय १८४२ ला नाइट झाले तेव्हा ते सर स्वतःपुरतं, १८५७ ला बॅरोनेट झाले तेव्हा घराण्याला मिळालं. वारसाने नावही जमशेटजी जीजीभॉयच घ्यायचं असं कायद्यानेच ठरलं, त्यामुळे तिथे कितवे ते लिहिल्याशिवाय काहीच कळत नाही.

*

तीन शेऱ्यांबद्दल. एक्स्टिंक्ट म्हणजे 'खुंटला', वंश खुंटणे म्हणतो ना तेच, सनदेत बसणारा वारसच उरला नाही. डॉर्मंट म्हणजे वारस असेल पण हक्क सांगून कोणी सिद्ध केलेला नाही, मी 'दाव्याविना पडून' लिहिते. अबेयंटला मी 'तहकूब' वापरते. हा प्रकार मुख्यतः इंग्लंडच्या जुन्या बॅरन किताबांत, मुलगा नाही आणि मुली एकीपेक्षा जास्त असल्या की सगळ्या सारख्या वारस, थोरली धाकटी भेद नाही, म्हणून किताब कोणालाच नाही, एकच शाखा उरेपर्यंत किंवा राजाने एकीच्या वंशाला देईपर्यंत अडकून राहतो. ग्रे ऑफ कॉडनर हा किताब १४९६ पासून तहकूब होता तो १९८९ ला मोकळा झाला!! त्यासाठी मधल्या पाचशे वर्षांतल्या सगळ्या लेकींच्या शाखा पुराव्यानिशी मांडाव्या लागतात.

आणि दत्तक चालत नाही, हे लक्षात असू द्या. दत्तकाचा कायदाच इंग्लंडात १९२६ ला आला आणि किताब आजही दत्तक मुलाकडे जात नाही. साताऱ्याचं दत्तक नामंजूर करणारा डलहौसी घ्या, त्याला दोन मुलीच. १८६० ला तो गेला तेव्हा १८४९ मध्ये मिळालेला मार्क्विस किताब खुंटला, जुना अर्ल किताब मात्र चुलत घराण्यात गेला. तेरावा एल्फिन्स्टनही त्याच वर्षी वारला, लग्न केलेलं नव्हतं, १८५९ चा नवा बॅरन किताब खुंटला आणि स्कॉटलंडचा जुना चुलत भावाकडे गेला. म्हणून 'घराणं खुंटलं' असं कधी लिहू नये, किताब खुंटतो, घराणं चालू असू शकतं.

*

धाकट्या शाखांना आपला 'धाकटी पाती' शब्द चपखल आहे, देवास संस्थानाच्या थोरल्या-धाकट्या पातीमुळे सगळ्यांच्या कानावरचा. ताई, तुम्हाला ह्या पात्याच हव्यात तर 'कंप्लीट पीअरेज' हा किताबांचा कोश पुरणार नाही, त्यात किताब धारण करणारे आणि त्यांच्या बायका एवढंच. माउंटस्टुअर्टसारख्या धाकट्यांसाठी 'स्कॉट्स पीअरेज' हा स्कॉटलंडच्या उमरावांचा ग्रंथ (१९०४ ते १९१४) काढा, त्यात भावंडं दिलेली असतात. 'बर्क्स पीअरेज' ह्या घराण्यांच्या सूचीच्या जुन्या आवृत्त्या जपून वापरा, घराण्यांनी सांगितलेल्या नॉर्मन पूर्वजांच्या कथा तशाच छापल्यात, होरेस राउंड ह्या वंशावळींच्या अभ्यासकाने त्यावर सडकून टीका केलीये. इंग्लंडातल्या चर्चच्या नोंदवह्या १५३८ पासूनच्या, जन्ममृत्यूची सरकारी नोंद जुलै १८३७ पासून, स्कॉटलंडात १८५५. त्याआधीचं मृत्युपत्रांत बघा, मुलींची आणि जावयांची नावं तिथेच सापडतात.