तबला मध्येच सोडू द्यायचा का? माझं मत: पहिली तीन वर्षं तरी नाही

मुक्ता_कल्याण
लेक नऊ वर्षांची आहे, दोन वर्षं तबला शिकतेय. प्रारंभिक ही पहिली परीक्षा झाली, आता पुढच्या, प्रवेशिका प्रथमचा फॉर्म भरायचाय आणि ती म्हणते, "मला नाही जायचं." घरात बाकी सगळ्यांचं मत, सोडू दे. मला ते पटत नाही. सुरुवातीला कुठलंच वाद्य गोड लागत नाही. बोटं दुखतात, 'ना' हा बोल खणखणीत निघत नाही, एकच कायदा (सरावाची बोलरचना) महिना महिना चालतो. नेमक्या त्या टप्प्यावर मुलाला "तुला हवं तर सोड" म्हणणं म्हणजे त्याला एकटं टाकणं. पाढे पाठ करायचे का, हे आपण कुठे विचारतो?

मी आठवीत पेटी सोडली. कुणी अडवलं नाही. आज सोसायटीच्या भजनात मी टाळ धरून बसते आणि पेटीकडे बघत राहते. म्हणून रोज संध्याकाळी वीस मिनिटं मी लेकीसमोर बसते, चुकलं की सांगते. ती रडली तरी रियाज होतोच.

शेखर_नाशिक
ताई, आम्ही अगदी हेच केलं. मुलाने मध्यमा पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिल्या, दहावीला कलेचे वाढीव गुणही मिळाले. निकालाच्या आठवड्यात त्याने तबला-डग्गा खोळीत भरला. आज तो 23 वर्षांचा आहे, खोळ तशीच आहे. लहानपणी टीव्हीवर गाणं लागलं तरी हा मांडीवर ठेका धरायचा, तेही बंद झालं. त्याचा दोष मी स्वतःकडे घेतो. रडणाऱ्या पोराला बसवू नका.

मुक्ता_कल्याण
दादा, वाचून वाईट वाटलं. पण त्याच्या हातात विद्या तर आहे. चाळिशीत खोळ उघडली तर हात पुन्हा बसेल. माझ्याकडे उघडायला काहीच नाही.

शेखर_नाशिक
त्याची खोळ उघडायची इच्छाच आम्ही मारली, असं म्हणतोय मी. आणि एक सांगा, ती नक्की कशाला नाही म्हणतेय? तबल्याला, क्लासला, परीक्षेला की तुमच्या समोर बसण्याला? आम्ही कधी विचारलंच नाही.

ठाय_दुगुण
तबला शिकवतो, तीस वर्षं होत आली. दोघांचं थोडं थोडं खरं आहे, पण आधी साधं काहीतरी तपासा: घरचा तबला सुरात आहे का? निम्म्या घरांत नसतो. पावसाळ्यात पुडी, म्हणजे वरचं चामडं, उतरते, तिच्या कडेची चाट ढिली पडते, आणि मग मुलाने कितीही नीट बोट टाकलं तरी 'ना' टक्क असा बोदा येतो. क्लासमध्ये वाजतो आणि घरी वाजत नाही, म्हणजे मुलाला वाटतं आपलाच हात वाईट. गजऱ्यावर, म्हणजे पुडीभोवतीच्या चामडी वेणीवर, हातोडी चालवायला तुम्ही स्वतः शिका. पुडी जुनी असेल तर बदलून घ्या. डग्गा चुंबळीवर नीट बसवा, मुलीचे खांदे वर चढत असतील तर तिच्याखाली उशी द्या.

दुसरं, समोर बसून चुका काढू नका. चुका काढायला मी आहे. तुम्ही हाताने ताल मोजत टाळी-खाली धरा, तिच्याबरोबर बोल म्हणा. धाधा तिट धाधा तूना तोंडात बसलं की हाताचं निम्मं काम होतं. वीस मिनिटांऐवजी दहा केलीत तरी चालेल, पण खाडा नको. इथे मी तुमच्या बाजूचा आहे. परीक्षेची घाई मात्र नको, सत्रं वर्षातून दोन असतात.

मृदंग_मावळ
मला हा रियाज-परीक्षेचा हिशेबच मान्य नाही. मूल एकटं भिंतीकडे तोंड करून वाजवणार कुणासाठी? आळंदीला जाऊन बघा. जोग महाराजांनी 1917 साली वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून तिथे किती पिढ्यांनी पखवाज शिकला! पोरं शिकता शिकताच भजनाला उभी राहतात. चुकलं तर शेजारचा सांभाळून घेतो, समोर पन्नास टाळकरी असतात, कंटाळायला सवड कुठे? लेकीला भजनात बसवा, नुसता भजनी ठेका धरू द्या.

ठाय_दुगुण
माऊली, भजनात बसवाच, पण हात न बसता लय वाढली की बोटं आखडतात. ती सवय मोडायला मला पुढे दोन दोन वर्षं लागतात.

मृदंग_मावळ
आणि हात बसेपर्यंत पोरगं निघून गेलं तर?

न्यूजर्सीची_आई
माझा मुलगा इथे सुझुकी पद्धतीने व्हायोलिन शिकतो. जपानी व्हायोलिनवादक शिनिची सुझुकींच्या या पद्धतीत पालक क्लासला हजर राहतात आणि सुरुवातीचे धडे स्वतःही शिकतात. मी शिकले तेव्हा कळलं, मी त्याला किती सहज रागवत होते. धाकटीचा तबला पुण्याच्या गुरुजींकडे ऑनलाइन आहे. आवाज उशिरा पोहोचतो, दोघांना एकत्र वाजवताच येत नाही, म्हणून घरात लहरा (तबल्यासोबत पेटीवर पुन्हा पुन्हा वाजवायची धून) धरणारं माणूस लागतंच. मुक्ताताई, तुम्ही पेटी सोडली म्हणालात. सोळा मात्रांचा चंद्रकंस रागातला लहरा फार अवघड नसतो. समोर नका बसू, शेजारी बसा.

शेखर_नाशिक
हे आम्हाला कुणी तेव्हा सांगितलं असतं तर!

मुक्ता_कल्याण
काल रात्री लेकीला विचारलं. तबला आवडतो म्हणाली. "तू मध्ये मध्ये थांबवतेस, मग मी कुठे होते ते विसरते." आणि पुडी खरंच उतरलेली आहे. फॉर्म या सत्रात भरत नाही. माहेरून पेटी मागवलीय, भाता गळतोय, दुरुस्तीला द्यावी लागेल. तीन वर्षांचं माझं मत मात्र तेच आहे. तिने उद्या पुन्हा "नको" म्हटलं तरी दहा मिनिटं होणार.

शेखर_नाशिक
ते दहा मिनिटांचं मला अजून पटलेलं नाही. पेटी आली की कळवा.