बहिणीला डी.फार्मला टाकायचंय, कॉलेज नवीन आणि छोटं आहे, काय काय बघून घेऊ?

अक्कलकोट_रोडवाला

नमस्कार मंडळी, बहीण यंदा बारावी सायन्स पास झाली, 58 टक्के पडले, तिला डी.फार्म म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा करून पुढं स्वतःचं मेडिकल टाकायचंय हे तिनं दहावीपासून डोक्यात घेतलंय. मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे, वडील आता घरीच असतात. गावाबाहेर एक नवीन कॉलेज झालंय तिथं रविवारी जाऊन आलो. मॅडम लई गोड बोलल्या, म्हणल्या कॅपचा, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा फॉर्म भरत बसू नका, लांबचं कॉलेज लागलं तर पोरीला कुठं ठेवणार, आत्ता 15 हजार भरा आणि ओरिजिनल मार्कशीट, टीसी जमा करा, सीट पक्की. हजेरीचं पण टेन्शन घेऊ नका म्हणल्या. सोलापूर विद्यापीठाचं कॉलेज आहे असंही सांगितलं. लॅब बघायला मागितली तर सुट्टी आहे म्हणून कुलूप होतं. आईनं भिशी उचलून पैसे तयार ठेवलेत आणि कॉलेजनं शुक्रवारपर्यंत मुदत दिलीय. आमच्या घरात कॉलेजला जाणारी ही पहिलीच, म्हणून कुणाला विचारावं ते पण कळत नाही. भरू का पैसे?

मेडिकलवाले_काका, सात रस्ता

भाऊ, आधी थांबा, पैसे देऊ नका. डी.फार्म विद्यापीठाचं नसतंय ओ. आपल्या राज्यात त्याची परीक्षा एमएसबीटीई, म्हणजे राज्याचं तंत्रशिक्षण मंडळ घेतं आणि कॉलेजला मान्यता लागते फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची, म्हणजे पीसीआयची. ही पहिलीच गोष्ट त्यांनी चुकीची सांगितली. पीसीआयच्या वेबसाइटवर मान्य कॉलेजांची यादी असते, त्यात नाव, किती सीटा आणि कुठल्या वर्षापर्यंत मान्यता आहे ते बघा. भिंतीवर फ्रेम करून लावलेलं पत्र बघून समाधान मानू नका, त्यावरचं वर्ष वाचा. कारण फार्मसी ॲक्ट 1948 च्या कलम 12 खाली मान्यता असलेल्या कॉलेजातून पास झालं तरच राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडं नोंदणी होते, आणि नोंदणी नसली तर मेडिकलमध्ये फार्मासिस्ट म्हणून उभं राहता येत नाही. दोन वर्षं घालवून पोरगी दुसऱ्याच्या दुकानात नुसती डबे उचलून देत बसेल.

हजेरीबद्दल जे म्हणल्या ते तर मला सगळ्यात वाईट वाटलं. 75 टक्के हजेरी नियमातच आहे. माझ्याकडं असं घरबसल्या डिप्लोमा केलेला एक मुलगा कामाला आला होता, सर्टिफिकेट खरं होतं, पण प्रिस्क्रिप्शनवर बीडी आणि टीडीएस लिहिलेलं त्याला कळत नव्हतं. म्हणजे गोळी दिवसातून दोनदा घ्यायची का तीनदा हेच माहीत नाही. समोर पेशंट उभा असतो ओ, त्याचं काय.

फार्मसीवाली_जुळे_सोलापूर

दादा मी सेकंड इयरला आहे. काकांनी मान्यतेचं सांगितलंच, मी फीचं सांगते कारण यात माझ्या मैत्रिणीचं लई नुकसान झालंय. तुम्ही कुठल्या प्रवर्गात आहात? ओबीसी, ईडब्ल्यूएस किंवा एसईबीसी असाल आणि घरचं उत्पन्न वर्षाला 8 लाखापर्यंत असेल तर जुलै 2024 च्या जीआरनं मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी 100 टक्के माफ आहे, पण ती कॅप राउंडमधून ॲडमिशन घेतलं तरच. मॅनेजमेंट कोटा किंवा इन्स्टिट्यूट लेव्हलला, म्हणजे थेट कॉलेजकडून घेतलं की माफी गेली. मैत्रिणीला पण असंच कॅप नको म्हणून सांगितलं होतं, तिनं थेट घेतलं, आता आम्ही दोघी सारखंच शिकतो आणि तिचे वडील दर टर्मला पूर्ण फी भरतात. तिला कुणी हे सांगितलंच नव्हतं. म्हणून फॉर्म भराच, आणि जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला आत्ताच सेतूत टाका, ऐन वेळेला मिळत नाही. बाकीच्या फी द्याव्या लागतील तेवढ्या लेखी विचारून घ्या.

आणि ओरिजिनल कागद आधी देऊ नकाच. एकदा टीसी त्यांच्याकडं अडकली की दुसरीकडं नंबर लागला तरी पोरगी तिथून हलू शकत नाही.

माजी_लेक्चरर

मी अशा दोन कॉलेजांत शिकवलंय म्हणून बोलतो. रविवारी जाऊ नका, चालू दिवशी सकाळी 11 च्या सुमाराला न सांगता जा. लॅबमध्ये काचसामान चकाचक मांडलेलं असतं त्याला भुलू नका, बेसिन बघा. वापरातल्या बेसिनला डाग पडलेले असतात, नळ गळत असतो, वास येतो. केमिकलच्या बाटल्यांची सीलं फोडलेली आहेत का बघा. गोळ्या करायचं मशीन असेल तर शेवटचा बॅच कधी काढला ते सरांना न विचारता पोरांना विचारा. त्यांची जर्नलं, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वह्या मागा. 500 तासांचं ट्रेनिंग करावं लागतं, ते कुठल्या हॉस्पिटलात किंवा मेडिकलात होतं तेही पोरंच खरं सांगतील. एका ठिकाणी इन्स्पेक्शनच्या दिवशी मी जन्मात न बघितलेली माणसं प्राध्यापक म्हणून बसली होती, त्याच महिन्यात मी सोडलं.

पण एक सांगतो, छोटं किंवा नवीन आहे म्हणून लगेच काट मारू नका. दुसऱ्या कॉलेजात एक बॅच 60 पोरांची, सर नावानिशी ओळखायचे, गैरहजर राहिलं की घरी फोन जायचा. तिथली पोरं आज बी.फार्मला थेट सेकंड इयरला आहेत.

मेडिकलवाले_काका, सात रस्ता

सरांचं बरोबर आहे. आणि एक्झिट एक्झामचं, म्हणजे डी.फार्म पास झाल्यावर नोंदणीसाठीच्या परीक्षेचं पण विचारा, 2022 मध्ये नियम आले आणि पहिली परीक्षा ऑक्टोबर 2024 मध्ये झाली. तीन पेपर, प्रत्येकात 50 टक्के. यंदा तिला काय लागू आहे ते विचारा, नीट उत्तर आलं नाही तर समजून घ्या.

अक्कलकोट_रोडवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही ओबीसीच आहोत, माफीचं आम्हाला काहीच माहीत नव्हतं, आईला सांगितलं तर ती रडायलाच लागली. बुधवारी सुट्टी टाकून बहिणीला घेऊन परत गेलो. लॅब उघडली, बाटल्यांची सीलं तशीच, बेसिनवर स्टिकर पण काढलेलं नाही, आणि 11 वाजता वर्गात चार पोरं. बहीणच म्हणाली दादा चल. पीसीआयच्या यादीत नाव आहे, पण ती नको म्हणायलीय. आज तिचा कॅपचा फॉर्म भरला, उत्पन्नाच्या दाखल्याला पण अर्ज टाकला. ताई, कॅपमध्ये कॉलेजांची पसंती द्यायचा ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी तुमचं कॉलेज एकदा बघायला आलो तर चालेल का? तिला जर्नल बघायचंय.