दुसऱ्या राज्यातलं कॉलेज, परवडणारी फी : अमेरिकेतल्या पालकांचे अनुभव

अमेरिकेत सरकारी युनिव्हर्सिटीची फी राज्यातल्या मुलांना एक आणि बाहेरच्यांना त्याच्या दुप्पट-तिप्पट. लेक यंदा हायस्कूलच्या सीनियर इयरला, म्हणजे बारावीला आहे आणि जेवायला बसलं की दुसरा विषय नाही. प्रायव्हेट कॉलेजं तूर्त बाजूला ठेवू. कोणी कशी वाट काढली ते लिहा, अटींसकट.

पावसाळी_सिएटल : मुलगा नॉर्दर्न ॲरिझोनाला आहे, 'वूई'वर. म्हणजे वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज. पश्चिमेकडच्या राज्यांचं आपापसातलं साटंलोटं. बाहेरून आलेल्याला स्थानिक फीच्या फार तर दीडपट. ग्यानबाची मेख अशी की नियम प्रत्येक कॅम्पसचे निराळे. कुठे जीपीए (ग्रेडची सरासरी) बघतात, कुठे नर्सिंग किंवा इंजिनिअरिंग वगळलेलं, कुठे जागाच मोजक्या. मेजर (मुख्य विषय) बदललं आणि नवं यादीत नसलं की सवलत जाऊ शकते, हे पोरांच्या आधीच कानावर घाला. शिवाय वूईवर काढलेली वर्षं रहिवासी ठरायला सहसा धरत नाहीत.

वांगीपोहे : आम्ही दक्षिणेत. लेकीला पॅकेजिंग सायन्स करायचं होतं आणि आमच्या राज्यातल्या एकाही सरकारी युनिव्हर्सिटीत ते नाही. तेच पथ्यावर पडलं! ॲकॅडेमिक कॉमन मार्केट या दक्षिणेतल्या राज्यांच्या योजनेत अशा वेळी शेजारचं राज्य थेट तिथल्या रहिवाशांची फी लावतं. तुम्ही आपल्या राज्याचे रहिवासी आहात हा दाखला मात्र आपल्याच राज्याकडून घ्यावा लागतो. ॲडमिशनच्या ऑफिसात फोन केला तर पलीकडच्या मुलीला ही योजनाच ठाऊक नव्हती. फ्लोरिडा आणि टेक्सासवाल्यांनी हुरळू नये, ती राज्यं यात फक्त पदव्युत्तरपुरती आहेत.

बर्फाळ : मिनेसोटा-विस्कॉन्सिनचा आपापसात फीचा करार आहे. एक फॉर्म भरला, काम झालं. एवढंच.

पुणे३०_डॅलस : पालक नाही, एमएसला आलेला विद्यार्थी आहे, पण लिहितोच. टेक्सासात स्पर्धेतून किमान १००० डॉलरची स्कॉलरशिप मिळाली तर युनिव्हर्सिटी नॉन-रेसिडेंट फी माफ करून रहिवाशांची फी लावू शकते, एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यालासुद्धा. स्कॉलरशिप हजाराची, पण बिलात खरी मोठी वजाबाकी त्याच्या खालच्या ओळीत, या माफीची असते. सगळ्यांना मिळत नाही आणि ग्रेड घसरले की पुढच्या वर्षी जाते.

धागाकर्ती : शेजारच्या राज्यात फ्लॅट भाड्याने घेऊन मुलीला तिथली रहिवासी करता येईल का? नणंदेने सुचवलंय.

वांगीपोहे : नणंदेला सांगा, आई-वडील टॅक्स कुठे भरतात ते बघतात. नुसत्या भाडेकराराने कोणी भुलत नाही.

एच४_आई : व्हिसाचं कोणीच लिहिलं नाही. टेक्सासात एच-४ वरच्या (एच-१बी सारख्या वर्क व्हिसावाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) मुलाला डोमिसाइल, म्हणजे रहिवासी दर्जा, मिळू शकतं, पण प्रत्येक राज्याचं तसंच असेल असं नाही. आणि २१ पूर्ण झाली की एच-४ संपतो. आमच्या मुलाची कॉलेजच्या ज्युनिअर (तिसऱ्या) इयरला एफ-१ ची धावपळ झाली आणि फीसाठीचा रहिवासी दर्जा नव्याने ठरवायला कागद परत मागितले. वकिलाची फी वेगळी. वूईसारख्या एक्स्चेंजमध्ये जायचं असेल तर अर्ज करण्याआधी त्या कॅम्पसला ईमेलवर विचारा, 'एच-४ चालतो का', आणि उत्तर जपून ठेवा.