सिल्व्हराडो २००२: तापल्यावर आरपीएम हलतो, मग गिअरला झटका (कोड पी१८७०)

प्रश्न:
शेव्हरोले सिल्व्हराडो १५००, ५.३ लिटर व्ही८, गिअरबॉक्स ४एल६०-ई. थंड असताना काही तक्रार नाही. हायवेवर नीट तापली की एकाच वेगात आरपीएम २००-३०० ने वर-खाली होतो, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि तिथून पुढे पहिल्यातून दुसऱ्यात जाताना जोरात झटका. बंद करून पुन्हा चालू केली की झटका काही वेळ जातो. गॅरेजवाले पूर्ण रिबिल्ड (गिअरबॉक्स खोलून नव्याने बांधणं) सांगतायत. करावं का?

उत्तर १:
इतक्यात हो म्हणू नका. झटका हा वेगळा बिघाड नाहीच. टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) क्लच, म्हणजे टीसीसी, घसरताना दिसला की कॉम्प्युटर हा कोड टाकतो, लॉकअप (या क्लचने दोन्ही थेट जोडणं) बंद करतो आणि लाइन प्रेशर (गिअरबॉक्समधला तेलाचा मुख्य दाब) कमाल करतो. त्या प्रेशरमुळे शिफ्ट कडक होते. मूळ दोष बहुतेक वेळा व्हॉल्व्ह बॉडीत (तेलाचा दाब वळवणाऱ्या व्हॉल्व्हच्या ठोकळ्यात) असतो. टीसीसी रेग्युलेटर व्हॉल्व्ह सतत थरथरून अ‍ॅल्युमिनियमचं बोअर (तो ज्यात सरकतो ते भोक) झिजवतो. तेल तापून पातळ झालं की तिथून प्रेशर गळतं, म्हणून थंड असताना काही कळत नाही.

उत्तर २:
पटलं, पण आधी पॅन (गिअरबॉक्सखालचं तेलाचं भांडं) उघडा. त्यातल्या चुंबकावर राखाडी बारीक गाळ असतोच, त्याला घाबरू नका. काळा भुगा आणि जळका वास असेल तर ३-४ क्लच (तिसरा-चौथा गिअर धरणारा) गेलाय, मग रिबिल्डच. दुसरा, चौथा आणि रिव्हर्स तिन्ही एकदम गेले असतील तर सन शेल (हे गिअर चालवणारा आतला धातूचा भाग) तुटलाय. तेलाची पातळी गरम इंजिन चालू ठेवून, पार्कमध्ये, सपाट जागी बघा.

प्रश्नकर्ता:
पॅन स्वच्छ, वास नाही, सगळे गिअर धरतात. स्कॅनरवर गरम असताना लॉकअपमध्ये टीसीसी स्लिप (क्लच किती घसरतो) २०० आरपीएमच्या वर जाते.

उत्तर १:
ती शून्याच्या आसपास हवी. काम गिअरबॉक्स न उतरवता होतं. सॉनॅक्स कंपनीचा ओव्हरसाइझ (जरा जाड) व्हॉल्व्ह मिळतो, पण त्यासाठी बोअर रीम करावं (रीमरने मोठं करावं) लागतं. एका गाडीसाठी रीमर घेण्यापेक्षा दुरुस्त केलेली व्हॉल्व्ह बॉडी घ्या. टीसीसी पीडब्ल्यूएम सोलेनॉइड (या क्लचचा दाब ठरवणारा विजेचा व्हॉल्व्ह) आणि फिल्टर त्याच वेळी बदला. १-२ अ‍ॅक्युम्युलेटरच्या (पहिला ते दुसरा गिअर बदलताना झटका शोषणारा भाग) पिस्टनला तडा आहे का तेही बघा. जुनी बॉडी खाली घेताना चेकबॉल (तेलाची वाट बंद-चालू करणारे छोटे गोळे) पडतात. कुठला कुठे होता त्याचा फोटो हवा. बसवताना ते व्हॅसलिनने चिकटवा, चाकाच्या ग्रीसने नको. बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, ११ न्यूटन-मीटर. तेल डेक्सरॉन ६, साधारण ५ क्वार्ट (पावणेपाच लिटर); व्हॉल्व्ह बॉडी काढल्यावर थोडं जास्त लागतं.

उत्तर २:
यानंतरही गरम असताना स्लिप राहिली, तर कन्व्हर्टरचा क्लच झिजलाय. त्यासाठी मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागेल.