१७ सप्टेंबरला वर्गात काय सांगू?

कृष्णाकाठची:
मी मूळची साताऱ्याची. जूनपासून धाराशिव जिल्ह्यातल्या एका शाळेत पाचवीच्या वर्गावर आहे. १५ ऑगस्टचं झेंडावंदन झाल्यावर पताका उतरवायला लागले, तर मुख्याध्यापक म्हणाले, "राहू द्या बाई, महिन्यानं परत लागतात." मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं भाषण माझ्याकडे आलंय. तारखा वाचल्या, पाठही झाल्या. पण वर्गातल्या ४० पैकी ११ मुलं मुसलमान आहेत. रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूची हत्यारबंद संघटना, हा शब्द उच्चारताना माझी नजर त्यांच्याकडे जाईल, याचीच भीती वाटते. इथल्या जाणत्यांनी सांगावं.

बालाघाट:
बाई, विचारलंत ते फार बरं केलंत. मी त्याच भागातला, ३३ वर्षं शिकवून नुकताच निवृत्त झालो.

तारखांपासून सुरुवात करू नका. आमच्या घरी हाली शिक्क्याचा एक रुपया आहे. दर वर्षी तो वर्गात फिरवायचो. त्यावर चारमिनार आहे. "गुरुजी, सिंह कुठंयत?" असं कुणीतरी विचारायचंच. मग सांगायचं, की देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, पण आपल्या गावाचा राजा निजाम होता आणि त्याला भारतात यायचं नव्हतं. त्याचं नाणं वेगळं होतं, रेल्वे वेगळी होती आणि हद्दीवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाकेही होते. निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ, त्यांना त्याच दिवशी हैदराबादेत अटक झाली. आपल्याकडे तिरंगा यायला आणखी १३ महिने लागले.

बार्शी मुंबई इलाख्यात, म्हणजे निजामाच्या हद्दीबाहेर होती. १९४८ च्या आषाढात रझाकारांच्या भीतीनं आजी चार वर्षांच्या माझ्या वडिलांना काखेत घेऊन रातोरात तिकडे गेली. जमिनीतल्या पेवातली ज्वारी तशीच टाकून. १३ सप्टेंबरला सोलापूरकडून फौज शिरली, नळदुर्ग पहिल्याच दिवशी पडलं, १७ ला निजामानं शरणागती पत्करली. आजी परतली तेव्हा पेवात पाणी शिरून ज्वारीला मोड आले होते, वासानं आळीत उभं राहवत नव्हतं. शेजारच्या मुसलमान पिंजाऱ्याच्या दाराला नुसती कडी होती. आत कुणी नव्हतं. ती माणसं पुन्हा कधीच आली नाहीत. आजी रझाकारांचं सांगायची त्याच दमात पिंजाऱ्याचंही सांगायची.

फौज आल्यानंतर मुसलमानांच्या कत्तली झाल्या, त्यात आपला जिल्हाही होता. भारत सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिलाय. पाचवीतल्या पोरांना आकडा सांगू नका, पण बोलताना तुमच्या मनात तो असू द्या.

आणि भाषणात शोएबुल्ला खान हे नाव घ्याच. 'इमरोज' या उर्दू पत्राचे संपादक. हैदराबादनं भारतात यावं असं ते लिहीत राहिले, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांचा खून केला. लिहिणारा हातही तोडला. हे नाव घेताना त्या ११ मुलांकडे खुशाल बघा.

गोदाकाठ:
गुरुजींशी सहमत. आमच्या नांदेडकडचं एक जोडतो. ३० जानेवारी १९४८ ला स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटली, पैसा त्यांच्या सीमेवरच्या कॅम्पांसाठी गेला. गांधीजी गेले तोच दिवस. शिवाय शिंदीची झाडं तोडायचं आंदोलन होतं. ताडी-शिंदीच्या उत्पन्नावर सरकारची तिजोरी भरायची, म्हणून रात्री कुऱ्हाडी घेऊन लोक निघत. मुलांना हे पटकन कळतं.

कृष्णाकाठची:
गुरुजी, वाचून गलबलून आलं. शोएबुल्ला खान हे नाव आज पहिल्यांदाच कळलं, इतिहासात पदवी घेऊनसुद्धा. भाषण पिंजाऱ्याच्या दारापर्यंत न्यायचं ठरवलंय. एक विचारते, आमच्याकडे पेवं नाहीत, मुलांनी विचारलं तर सांगता यायला हवं. केवढं असतं?

बालाघाट:
तोंड एक माणूस उतरेल एवढंच, आत मात्र रांजणासारखं फुगत गेलेलं. तळाला नि कडेला कडबा, वर शिळा, त्यावर माती. उघडल्यावर आधी दोरीनं कंदील सोडायचा. विझला तर त्या दिवशी कुणी उतरायचं नाही.